सारु : जपानी माकडं, त्यांची भाषा आणि माझ्या भाषणावर चाललेलं लाल पेन

गोदाकाठ

कावासाकीला नोकरीत असताना ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या लग्नात दोन मिनिटं बोलायची पाळी माझ्यावर आली. रात्र जागून जपानीत भाषण लिहिलं आणि आमच्या टीममधल्या सगळ्यात वयस्कर बाईंना दाखवायला नेलं. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. 'केक कापताना' वर फुली. लग्नात 'कापणं' नको, केकमध्ये सुरी 'घालतात'. 'समारंभ संपल्यावर' वर फुली. समारंभ संपत नसतो, तो 'उघडतो': ओहिराकी. 'पुन्हा पुन्हा' हा शब्दही गेला, कारण लग्न पुन्हा पुन्हा व्हायला नको. इथवर मी माना डोलावत होते.

मग आला माझा आवडता परिच्छेद. नवरीबरोबर नागानोच्या जिगोकुदानीला गेले होते त्याची आठवण. डोक्यावर बर्फ, खाली गरम पाण्याचं कुंड, वाफेत डोळे मिटून बसलेली लालबुंद तोंडाची माकडं. पेन्शनर मंडळी कट्ट्यावर बसावीत तशी. बाईंनी तो परिच्छेद आख्खा आडवा केला.

"यात 'सारु' आहे."

सारु म्हणजे माकड. पण सारु म्हणजे निघून जाणं, सोडून जाणं हेसुद्धा. लिहिताना चिन्हं वेगळी, उच्चार एकच. मी म्हटलं, अहो, इथे तर प्राणी आहे. त्या म्हणाल्या, "कानाला चिन्ह दिसत नाही." शेवटी माझ्या भाषणात 'गरम पाण्यात बसलेली मंडळी' आली आणि पाहुण्यांपैकी निम्म्यांना वाटलं मी म्हाताऱ्यांबद्दल बोलतेय.

हल्लीची पोरं एवढं पाळत नाहीत, हे आधीच सांगते. पण मला राग आला नाही, कारण आमची आजी उंबऱ्यात अडवून म्हणायची, 'जाते' म्हणू नकोस, 'येते' म्हण. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जपानीत अशा टाळायच्या शब्दांना इमिकोतोबा म्हणतात. पूर्वी व्यापारी लोक तर माकडाला सारु म्हणायचेच नाहीत, 'एते' म्हणायचे, कारण त्यात 'मिळणं' आहे. गिऱ्हाईक 'निघून' जायला नको ना!

तेव्हापासून मला नाद लागला. जपानात माकड दिसलं की आधी विचारायचं, इथे श्लेष कुठे आहे? आणि बहुतेक वेळा असतोच. कारण हाच 'निघून जाणं' उलटा फिरवला की शुभ होतो. क्योतोजवळ हिएई डोंगराच्या पायथ्याशी साकामोतोला हियोशी ताइशा हे मोठं देवस्थान आहे. तिथे माकड हा देवाचा दूत. त्याला मासारु म्हणतात. 'मा गा सारु' म्हणजे अरिष्ट निघून जातं, आणि नुसतं 'मासारु' म्हणजे वरचढ ठरणं. एका माकडात दोन आशीर्वाद. तोक्योत अकासाकाच्या हिए देवळात पिल्लाला धरून बसलेली माकडीण आहे. तिथे लोक सोयरीक जमावी, मूल व्हावं म्हणून जातात. तिथला श्लेष वेगळा. माकडाच्या चिन्हाचा चिनी वळणाचा उच्चार 'एन', आणि 'एन' म्हणजे ऋणानुबंधसुद्धा.

म्हणजे एकाच प्राण्याला लग्नाच्या भाषणात बंदी आणि लग्न जमवायला नवस. सगळं उच्चारावर.

आता आपल्या ओळखीची तीन माकडं. मिझारु, किकाझारु, इवाझारु. मिरु म्हणजे बघणं, किकु ऐकणं, इउ बोलणं. जुन्या जपानीत क्रियापदाला '-झारु' लावलं की नकार होतो. आणि 'सारु' जोडशब्दात मागे आला की त्याचाही 'झारु' होतो. 'न बघणारा' म्हणा किंवा 'बघ-माकड' म्हणा, कानाला सारखंच. 'वाईट' हा शब्द त्यात कुठेच नाही. वाईट बघू नका, वाईट ऐकू नका, ही भर बाहेरची. मूळ नावात नुसतं न बघणं, न ऐकणं, न बोलणं.

काय बघायचं नाही, याचं उत्तर मला आवडलेल्या एका लोकसमजुतीत आहे. आपल्या शरीरात तीन किडे राहतात, सान्शी. साठ दिवसांच्या चक्रात 'कोशिन' नावाची रात्र येते. त्या रात्री माणूस झोपला की हे तिघं गुपचूप स्वर्गात जाऊन त्याच्या साऱ्या भानगडी सांगतात आणि तिकडून आयुष्याला कात्री लागते. उपाय? झोपायचंच नाही. आळीतले लोक एकत्र जमून रात्रभर खात, पीत, गप्पा मारत. 'कोशिन'मधला 'शिन' म्हणजे बारा प्राण्यांच्या चक्रातला माकडाचा भाग. म्हणून कोशिनच्या दगडांवर खाली तीन माकडं कोरलेली असतात. आपण कोजागरीला लक्ष्मीसाठी जागतो, ते चुगलखोरांवर पहारा ठेवायला जागायचे! जुन्या रस्त्यांच्या कडेला हे दगड अजून दिसतात, शेवाळलेले, माकडांची नाकं झिजलेली.

निक्कोच्या तोशोगू या देवस्थानातलं जे कोरीवकाम सगळे बघायला जातात ते देवळावर नाही, घोड्यांच्या तबेल्यावर आहे. आताची वास्तू १६३६ च्या बांधणीतली. आठ पट्ट्या आहेत आणि मिळून माकडाचा, म्हणजे माणसाचाच, जन्म सांगितलाय. पहिल्या पट्टीत आई कपाळावर हात धरून लांब कुठेतरी बघतेय, पिल्लाचं पुढे काय होणार म्हणून. आणि पिल्लू आईच्या तोंडाकडे बघतंय. त्याच्या शेजारी आपली तिघं. तो बाळपणाचा भाग, इतक्या लहानपणी वाईट कानाडोळ्यावर पडू नये म्हणून. पुढे तरुण माकड आभाळाकडे बघतं, एक खचून बसलंय आणि दुसरं त्याच्या पाठीवर हात ठेवतंय, मग प्रेम, लाटा, शेवटी पोटुशी माकडीण. आणि चक्र पुन्हा सुरू. पण गर्दी सगळी दुसऱ्या पट्टीखाली. मी तिथे अर्धा तास उभी होते. आईच्या पट्टीखाली थांबलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत.

तबेल्यावर माकड का, हे माहीत असेल त्यांनी सांगा. मला जे कळलंय ते नंतर लिहीन. बाकी म्हणी, चित्रं, गोष्टी, जे असेल ते टाका.

बोरकूट

मस्त धागा! 'कानाला चिन्ह दिसत नाही' हे वाक्य फ्रेम करून लावणार. वाचतोय, येऊ द्या.

तिरकस

लेख आवडला, आता खुसपट. तीन माकडांचं सगळं श्रेय श्लेषाला देऊ नका. 'अनुचित ते बघू नका, ऐकू नका, बोलू नका, करू नका' हे कन्फ्यूशियसच्या वचनांत आहे आणि तिथे नकार चार आहेत. कल्पना चीनमधून आली, जपानने तिच्यावर माकड बसवलं. चौथं माकड, 'शिझारु', न करणारं, कुठे कुठे सापडतं, पण बहुतेक ठिकाणी गाळलं गेलं. सोयीचंच आहे म्हणा. बघणं, ऐकणं, बोलणं बंद केलं की करायला मोकळे.

दुसरं, गांधीजींची माकडं. एक कथा अशी की चिनी पाहुण्यांनी ती छोटी मूर्ती भेट दिली. दुसरी अशी की निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंनी. फुजी गुरुजी वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, हे मात्र खरं. वरळीचं जपानी मंदिर त्यांच्याच निप्पोनझान म्योहोजी पंथाचं. तिथल्या डफासारख्या ढोलाचा आवाज वरळीकरांना सांगायला नको.

गोदाकाठ

@तिरकस, मान्य. कल्पना चिनी, माकड जपानी असं म्हणू. पण श्लेष नसता तर तिथे माकडच का आलं असतं? बेडूकही चालला असता. आपल्यापर्यंत बोध पोचला, विनोद वाटेत गळला. शाळेत तीन माकडांवर निबंध लिहिले तेव्हा ती माकडंच का, हे बाईंना विचारलं असतं तर धपाटाच मिळाला असता.

निवृत्त_बाई

मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. विचारायचं होतंस गं, धपाटा नसता दिला.

तबेल्याचं मी सांगते. हिंदीत म्हण आहे, 'तबेले की बला बंदर के सिर'. घोड्यांवर येणारी पीडा माकडाने अंगावर घ्यावी म्हणून पागेत माकड बांधत. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात चंद्र राजाची गोष्ट आहे. राजवाड्यात माकडंही पाळलेली आणि घोडेही. खादाड मेंढा रोज स्वयंपाकघरात घुसायचा. म्हातारा माकड सांगत होता, एक दिवस आचारी त्याला जळतं लाकूड मारेल, मेंढा पेटून पागेत शिरेल, घोडे भाजतील आणि वैद्य म्हणेल माकडाची चरबी लावा. कुणी ऐकलं नाही. तसंच झालं. घोडा आणि माकड यांचं नातं इतकं जुनं आहे. चिनी कथेतल्या सुन वुकोंग या माकडाला स्वर्गात पहिली नोकरी मिळते ती घोडे राखायची, आणि तो चिडतो कारण ते पद हलकं असतं.

आता आणखी मौज. जपानी लहान मुलांना गोष्ट सांगतात की जेलीफिशला हाडं का नाहीत. समुद्रतळाच्या नागराजाच्या घरी आजारपण, औषध काय तर माकडाचं काळीज. कासव माकडाला पाठीवर बसवून घेऊन येतं. दारावरचा जेलीफिश बडबड्या, तो सगळं बोलून टाकतो. माकड म्हणतं, अरेरे, काळीज तर झाडावर वाळत घातलंय! परत जाऊन घेऊन येऊ या. झाडावर चढतं आणि बसतं हसत. जेलीफिशला इतका मार पडतो की हाडंच उरत नाहीत.

ओळखलंत ना? आपला मगर आणि माकड. फक्त आपलं माकड जांभळाच्या झाडावर होतं. पंचतंत्रात आहे, जातकात आहे. बौद्ध कथांबरोबर ती चीनमार्गे गेली. जपानच्या 'कोन्जाकु मोनोगातारी' या जुन्या कथासंग्रहात ती 'तेन्जिकु'च्या, म्हणजे भारताच्या, भागातच घातली आहे. आलेला माल कुठला ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. जेलीफिश मात्र त्यांची स्वतःची भर. बेटावरची माणसं, समुद्र आणणारच.

बोरकूट

बाई, दंडवत. काळीज झाडावर विसरून आलो, हे कारण उद्या मीटिंगला देऊन बघतो.

शाईचा_डाग

चित्रांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लांबलचक लिहितो, सहन करा.

जपानी चित्रांतली माकडं बघायची तर आधी दोन ढीग करा. एका ढिगात लांबच लांब हातांची, काळसर, फांदीला एका हाताने लोंबकळणारी. दुसऱ्यात आखूड शेपटीची, गोल, लालतोंडी. दुसरं जपानचं स्वतःचं माकड, निहोनझारु. पहिलं गिबन आहे आणि गिबन जपानच्या रानात नाहीच! चिनी चित्रकारांनी काढला म्हणून जपानी चित्रकारांनी काढला. न बघितलेला प्राणी, चित्रावरून चित्र.

मूळ आहे मु छी या चिनी भिक्षूचं, तेराव्या शतकातलं. जपानीत त्याला मोक्केई म्हणतात. त्याची तीन चित्रांची जोडणी क्योतोच्या दाइतोकु-जीत ('जी' म्हणजे बौद्ध देऊळ) आहे. मधे करुणेची देवता कान्नोन, एका बाजूला करकोचा, दुसऱ्या बाजूला फांदीवर पिल्लाला कवटाळून बसलेली गिबन माता. हे बघून जपानी चित्रकार हासेगावा तोहाकु (१५३९-१६१०) पार वेडा झाला असणार. म्योशिन-जीतल्या र्योसेन-आनची त्याची वाळक्या झाडावरची माकडं बघा. झाड इतक्या कोरड्या, झटक्याच्या फटकाऱ्यांनी ओढलंय की कुंचल्याऐवजी केरसुणी वापरली असं वाटावं, आणि त्यात माकडाचं अंग मात्र मऊ, फुंकर घातली तर केस हलतील असं. नान्झेन-जीच्या कोन्चि-इनमध्ये त्याचंच सरकत्या दारांवरचं काम आहे. माकड एका हाताने फांदी धरून दुसरा हात खाली पाण्यातल्या चंद्राकडे लांबवतंय.

ही चंद्राची गोष्टही बाईंच्या यादीत घाला. बौद्ध विनयग्रंथातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली आहे, जागा वाराणसी. विहिरीत चंद्र पडला म्हणून माकडांचा म्होरक्या फांदीला लटकतो, त्याच्या शेपटीला दुसरं, तिसरं, अशी साखळी, आणि फांदी मोडते. गंमत बघा, गिबनला शेपूट नसते. म्हणून चित्रात साखळी हाताला हात धरून होते किंवा तोहाकुसारखं एकटंच माकड उरतं. मला एकटं जास्त आवडतं. साखळीत मूर्खपणा दिसतो, एकट्यात हट्ट.

दुसऱ्या ढिगाचा राजा ओसाकाचा मोरी सोसेन (१७४७-१८२१). आयुष्यभर हरणं वगैरेही काढली, पण नाव झालं माकडांनी. लालतोंडी माकडाची लव तो केस-केस करून काढायचा, आणि त्याखाली ओलसर, सैल कातडी आहे हे कळतं. एक आख्यायिका सांगतात की कुणी तरी टोमणा मारला, तुमची माकडं पाळीव वाटतात, रानातली नाहीत. गडी उठला आणि डोंगरात जाऊन माकडांत राहिला. खरं खोटं सोडा. पण साठीच्या सुमारास त्याने नावातल्या 'सो'चं चिन्ह बदललं आणि माकड असा अर्थ असलेलं 'सो' घेतलं, हे खरं. उच्चार तोच, लिहिताना माकड. ताई, तुमच्या कानाच्या सिद्धांताला हा डोळ्याचा उतारा.

आणि चोजू गिगा, म्हणजे प्राण्यांची गमतीदार चित्रं! क्योतोच्या कोझान-जीच्या चार गुंडाळ्या, बाराव्या-तेराव्या शतकातल्या. पहिली ११ मीटरहून लांब, त्यात एक अक्षर नाही. सुरुवातीला ससे आणि माकडं नदीत डुंबतायत. पुढे माकड काहीतरी करून पळतंय, मागे ससा काठी घेऊन, वाटेत बेडूक उताणा. शेवटाकडे बेडूक बुद्ध होऊन कमळाच्या पानावर बसलाय आणि समोर भिक्षूच्या वस्त्रातलं माकड मंत्र म्हणतंय. आवाज कसा दाखवलाय, तर तोंडातून निघणाऱ्या बारीक रेघांनी. नऊशे वर्षांपूर्वीचा बुवाबाजीवरचा शेरा. पुढच्या चित्रात भिक्षू माकडाकडे दक्षिणा यायला लागते, ते तर बघाच.

अण्णा_देवरुखकर

शाईवाल्यांनी दोन ढीग केले ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे शहरातला माणूस काळतोंड्यालाही माकड म्हणतो. अरे बाबांनो, लालतोंडं ते माकड, काळतोंडं लांब शेपटीचं ते वानर. दोघांची चोरी करायची तऱ्हा वेगळी.

धागा छान आहे पण एक विचारतो, रागावू नका. हे देवाचे दूत त्या जपानी शेतकऱ्याच्या शेतात जात नाहीत काय? आमच्याकडे यंदा पोफळीची कोवळी फळं खाल्लीन, फणस फोडून टाकलान. गोफण झाली, फटाके झाले. आता फटाका वाजला की वानर वर बघतो, कुठून आला ते. मग खातो.

ओसाकावाला

काका, जातात की! इथलेही शेतकरी तुमच्यासारखेच कावलेत. गाव म्हातारं झालं, पोरं शहरात गेली, पर्सिमनची फळं वेचणारं कुणी नाही, मग माकडं डोंगर उतरतात. विजेचं कुंपण लावतात. त्यावर एक उपाय फार आवडला मला. नागानोत आणि इतरत्र कुत्र्यांना माकडं हुसकायचं शिक्षण देतात, त्यांना 'मंकी डॉग' म्हणतात. जपानीत हाडवैराला म्हणतात 'केन-एन नो नाका', कुत्र्या-माकडाचं नातं. म्हणच पगारावर ठेवलीय.

तरी मोमोतारोच्या गोष्टीत कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी तिघं ज्वारीबाजरीच्या जातीच्या धान्याच्या लाडवांसाठी एकत्र येतात आणि राक्षसांच्या बेटावर स्वारी करतात. पोटापुढे वैर कुठलं.

सोळाव्या शतकात जपान एकत्र आणणारा सेनापती तोयोतोमी हिदेयोशी, त्याला लोक सारु म्हणायचे हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा जिवलग मित्र माएदा तोशिइए, त्याचं लहानपणचं नाव इनुचियो. इनु म्हणजे कुत्रा. (त्याचा धनी नोबुनागा याच्या एका पत्रात हिदेयोशीला 'टकला उंदीर' म्हटलंय, तेही असो.)

ताई, तुमच्या 'निघून जाण्या'चा आणखी एक पुरावा. २०१६ हे माकडाचं वर्ष होतं. तेव्हा इकडच्या दुकानांत लाल चड्ड्यांचे ढीग. माकडाच्या वर्षी मिळालेली लाल अंतर्वस्त्रं घातली की आजार 'निघून' जातात म्हणे. आमच्या घरमालकीणबाईंनी मला एक दिली. नाही कशी म्हणणार? पुढचं माकडाचं वर्ष २०२८, तयारीत रहा.

बोरकूट

घातलीत का, ते सांगितलं नाहीत.

ओसाकावाला

आजारी पडलो नाही एवढंच सांगतो.

निवृत्त_बाई

म्हणींचं कुणी तरी घ्या. 'माकडही झाडावरून पडतं' अशी काही म्हण आहे ना तिकडे?

गोदाकाठ

हो बाई, 'सारु मो कि कारा ओचिरु'. आपलं 'चढेल तो पडेल, पोहेल तो बुडेल' अगदी जवळचं. फरक इतकाच की आपण त्यात जरा धमकी देतो. जपानीत ते सांत्वन आहे. तज्ज्ञ माणूस चुकला की मागून हळूच म्हणतात.

आणि माझी सगळ्यात लाडकी, 'सारु नो शिरिवाराइ'. माकड दुसऱ्या माकडाच्या लाल ढुंगणाला हसतं, आपलं काय रंगाचं आहे ते न बघता. आता आपलं आठवा.

तिरकस

माकड म्हणतं माझीच लाल!

वा. त्यांचं माकड दुसऱ्याच्या लालीला हसतं, आपलं स्वतःच्या लालीचा गर्व करतं. अवयव एकच. मराठी स्वभावावर यापेक्षा जास्त बोलत नाही, धागा उडेल.

शाईचा_डाग

+१ आणि हसून पुरेवाट.

'सारुमाने' म्हणजे न समजता केलेली नक्कल, 'सारुजिए' म्हणजे वरवरचं शहाणपण. एकूण माकडाच्या अकलेला जपानीतही फार मान नाही. बौद्ध परंपरेतून आलेलं 'इबा शिन-एन' आहे, विचार घोड्यासारखे उधळलेले आणि मन माकडासारखं. पुन्हा घोडा आणि माकड! आपल्याकडे 'आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला' म्हणत पुढे विंचूही चाववतात. तिकडचं माकड त्या मानाने सुखी. झाडाच्या ढोलीत साठवलेली फळं आंबून झालेल्या दारूलाच 'सारुझाके' म्हणतात.

क्योतोच्या यासाका कोशिन-दोमध्ये रंगीत कापडांचे गोळे माळांनी टांगलेले दिसतात. फोटोसाठी किमोनो भाड्याने घेऊन पोरींची रांग असते. ते गोळे म्हणजे हातपाय बांधलेलं माकड, कुकुरिझारु. त्यावर इच्छा लिहायची आणि ती पुरी व्हावी म्हणून एक हाव सोडायची. आवरलेलं मन म्हणजे बांधलेलं माकड. फोटोत ते मस्त गोंडस दिसतं.

अण्णा_देवरुखकर

झाडांची नावं आहेत का माकडावरून? आमच्याकडे 'माकडलिंबू' आहे.

गोदाकाठ

अण्णा, हे तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं. 'सारुसुबेरि', म्हणजे माकड घसरेल असं झाड. खोड इतकं गुळगुळीत की माकडही चढू शकणार नाही. उन्हाळाभर फुलतं म्हणून लिहिताना 'शंभर दिवस लाल' अशी चिन्हं वापरतात. हे झाड आपल्या ताम्हणीच्याच कुळातलं, लॅगरस्ट्रोमिया. महाराष्ट्राच्या राज्यफुलाची सख्खी बहीण तिथे माकडाच्या नावाने ओळखली जाते.

अण्णा_देवरुखकर

ताम्हणीवर वानर सहज चढतो. बघितलंय.

ओसाकावाला

तिकडच्या झाडावरही चढतं म्हणतात, नाव ठेवणाऱ्याने माकडाला विचारलं नव्हतं.

जाता जाता क्योगेनचं सांगतो, कारण गेल्या महिन्यात बघून आलो. क्योगेन म्हणजे नोह या जुन्या गंभीर नाटकांच्या मधे होणारी विनोदी नाटुकली. 'उत्सुबोझारु' नावाचा खेळ होता. एका सरदाराला वाटेत माकडवाला भेटतो. आपल्याकडच्या डमरूवाल्यासारखाच, दोरीला माकड. हे माकडवाले पूर्वी नव्या वर्षाला घोड्यांच्या पागांसमोर खेळ करायचे, घोड्यांना आरोग्य लाभावं म्हणून. बाईंचा मुद्दा इथेही लागू. तर सरदाराला माकडाचं कातडं हवंय, बाणांच्या भात्याला मढवायला. नाही दिलंस तर दोघांना मारीन म्हणतो. माकडवाला रडत म्हणतो, बाण मारून कातडं खराब करू नका, मीच एका काठीत संपवतो. काठी उगारतो. माकडाला वाटतं खेळ सुरू झाला. ते काठी हातात घेऊन नाव वल्हवायला लागतं.

माकडाचं काम करणारा मुलगा चार-पाच वर्षांचा असेल. मुखवटा सैल होता, तो मधूनच सावरत होता आणि त्याचे वडील, तेच माकडवाले झालेले, रडण्याचा अभिनय करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे लक्ष ठेवून होते. सरदार विरघळतो आणि शेवटी स्वतःच माकडाबरोबर नाचतो. क्योगेनच्या घराण्यांत म्हणतात, नट माकडापासून सुरू होतो आणि कोल्ह्यावर संपतो. पहिलं काम हे माकड, आणि कोल्ह्याचं अवघड नाटक पेललं की शिक्षण पुरं.

तिरकस

कुणी 'शंभरावं माकड' टाकायच्या आत टाकतो. मियाझाकीच्या कोजिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या दीड वर्षाच्या माकडिणीने वाळू लागलेलं रताळं ओढ्यात धुवून खाल्लं. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांचा तिथल्या माकडांवर अभ्यास चालू होता. तिचं बघून खेळगडी शिकले, तिची आई शिकली. ('इमो' म्हणजेच रताळं-बटाटं.) काही वर्षांनी तिने वाळूत मिसळलेले गहू पाण्यात टाकले, वाळू बुडाली, गहू तरंगले. इथपर्यंत खरं. शंभरावं माकड शिकलं आणि ज्ञान हवेतून दुसऱ्या बेटांवर गेलं, ही मागाहूनची भर, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. म्हातारे नर बहुतेक शिकलेच नाहीत.

निवृत्त_बाई

म्हातारे नर शिकले नाहीत, याला संशोधन कशाला हवं होतं.

बोरकूट

बाई!!!

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शेवटचं माकड राहिलंय.

क्योतोच्या राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्येचा कोपरा आत घेतलेला आहे, जणू कुणी चावा घेतलाय. ईशान्य ही राक्षस येण्याची दिशा. तिला बैल-वाघाची दिशा म्हणतात. समोरची नैर्ऋत्य मेंढा-माकडाची. म्हणून ईशान्येच्या पहाऱ्याला माकड. त्या कोपऱ्यात वळचणीखाली मान वर करून बघितलं की लाकडी माकड दिसतं, डोक्यावर टोपी, खांद्यावर देवाचं कागदी निशाण. आणि त्याच्यासमोर तारेची जाळी! हे म्हणे रात्री उतरून रस्त्यातल्या लोकांच्या खोड्या काढायचं, म्हणून कोंडून ठेवलं. राक्षसांना अडवायला नेमलेला पहारेकरीच पिंजऱ्यात. मी गेले तेव्हा पाऊस पडत होता. छत्री मागे कलंडवून बघत राहिले आणि मानेला उसण भरली. या कोपऱ्याला सारुगात्सुजी म्हणतात.

पोळ्या व्हायच्यात अजून. धागा इथे संपवते.

निवृत्त_बाई

'संपवते' म्हणालीस? त्या लाल पेनवाल्या बाई बघतायत.

बोरकूट

धागा वाढवते म्हणा, ताई.